आधीच्या बाळाचं निदान कुठे आहे? दुर्मीळ आजार धोरण वऱ्हाडातून वाचताना

आज पेपर नाही, एक सरकारी दस्तऐवज वाचूया: ‘राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१’. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या, आणि विषय जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जनुकशास्त्राच्या आसपास असलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या प्रस्तावनेत हे धोरण एका ओळीत येणार. ‘शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले आहे’, पूर्णविराम, पुढे संदर्भ क्रमांक. आरआरसीसमोर तेवढ्यावर भागतंही. पण धोरण हासुद्धा एक युक्तिवाद असतो. पेपरमध्ये आपण ‘मेथड’ तपासतो, तशी धोरणाचीही तपासता येते. मी हे धोरण एकच प्रश्न हातात धरून वाचलं: अकोल्यात किंवा अमरावतीत ज्या घरातलं पहिलं बाळ चयापचयाच्या आनुवंशिक आजाराने गेलं, त्या घरातल्या दुसऱ्या गरोदरपणात हे धोरण नेमकं काय करू शकतं?

आधी त्याचं देणं मान्य करू. गोशे, हर्लर, पॉम्पे, एमएसयूडी, टायरोसिनेमिया ही नावं सरकारी कागदावर गटवार आली, हीच मोठी गोष्ट आहे. पहिल्या गटात एकदाच्या उपचाराने, उदाहरणार्थ प्रत्यारोपणाने, सुधारणारे आजार. दुसऱ्यात विशेष आहार किंवा तुलनेने स्वस्त औषध आयुष्यभर लागणारे. तिसऱ्यात औषध आहे, पण किंमत अफाट, असे. सुरुवातीला पहिल्या गटासाठी २० लाखांपर्यंतची मदत होती. २०२२ मध्ये ती सगळ्या गटांसाठी ५० लाखांपर्यंत नेली गेली. उपचार मात्र ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रातच. मूळ यादीत अशी आठ केंद्रं होती आणि महाराष्ट्रातलं एकच, मुंबईचं केईएम.

हे धोरण आलं कुठून, हेही ध्यानात ठेवा. महागड्या औषधांसाठी आईवडील न्यायालयात गेले, सरकारला उत्तर द्यावं लागलं, आणि त्या उत्तरातून धोरण घडत गेलं. त्यामुळे त्याचा कणा उपचाराच्या पैशाचा आहे. प्रतिबंधाचं प्रकरण आहे आणि ते वाईट लिहिलेलं नाही. समुपदेशन, वाहक तपासणी, गर्भनिदान, नवजात तपासणी असं सगळं त्यात येतं. पण गर्भनिदानाचं वाक्य हळू वाचा. ज्या गरोदर मातेला आधी दुर्मीळ आजाराचं मूल झालेलं आहे आणि त्या मुलाच्या आजाराचं निदान पक्कं झालेलं आहे, तिला गर्भजल किंवा कोरिऑनिक व्हिलायची तपासणी उपलब्ध व्हावी, असा त्याचा आशय.

‘निदान पक्कं झालेलं आहे.’ माझा सगळा आक्षेप या चार शब्दांपाशी आहे. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. शास्त्राच्या बाजूने ती अगदी बरोबर आहे. ती बरोबर का आहे हे आधी बघू, म्हणजे ती पूर्ण न झाल्यास काय होतं ते आपोआप कळेल.

पोटातल्या बाळाची ‘चयापचयाची टेस्ट’ अशी एक टेस्ट अस्तित्वातच नाही. असे आजार शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. कुठे एन्झाइम मोजायचं, कुठे गर्भजलात साचलेला पदार्थ बघायचा, कुठे थेट जनुकातला बदल शोधायचा. काय शोधायचं ते आधी ठाऊक हवं. सोनोग्राफीचा इथे फार उपयोग नाही. या गटातल्या बहुतेक आजारांत, विशेषतः ज्यांत अमोनिया किंवा आम्लं साचतात त्यांत, बाळ पोटात असेपर्यंत वार आणि आईचं शरीर तो कचरा साफ करत राहतं. बाळ दिसायला छान असतं, वजन छान असतं. नाळ कापली की दोन-चार दिवसांत खेळ बदलतो. ‘सगळ्या सोनोग्राफ्या नॉर्मल होत्या’ हे आईवडिलांचं वाक्य खरंच असतं.

या शाखेची सुरुवात बघितली तरी तेच दिसतं. १९६८ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हर्लर आणि हंटर या दोन आजारांच्या मुलांच्या त्वचेच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या, आणि दोन्हींनी एकमेकींचा दोष दुरुस्त केला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने गर्भजलातल्या पेशी वाढवून या आजारांचं गर्भनिदान प्रसिद्ध केलं. पेशींना किरणोत्सारी सल्फेट द्यायचं आणि ते किती साचतं ते बघायचं. गंमत अशी की हर्लरमध्ये कोणतं एन्झाइम कमी आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते १९७२ मध्ये कळलं. मग निदान झालं कसं? कारण त्या घरात आजार कोणता आहे ते ठाऊक होतं, आणि तुलनेसाठी आजारी मुलांच्या पेशी प्रयोगशाळेत होत्या. एन्झाइमचं नाव नसलं तरी चाललं, आधीचं मूल नसतं तर चाललं नसतं.

आज जनुकाचं वाचन स्वस्त झालं, मग अट सैल झाली का? थोडी. पण प्रत्येक पद्धतीला तिची खोड आहे आणि व्हायवात विचारलं जातं ते याच खोडींबद्दल. यकृतातच बनणारी एन्झाइम वारेच्या तंतूंत सापडत नाहीत. युरिया चक्रातलं ओटीसी हे त्यातलं ठळक उदाहरण. तिथे जनुकातला नेमका बदल माहीत असल्याशिवाय व्हिलायचा नमुना घेऊन हातात काही येत नाही. ज्या आजारांत एन्झाइम मोजता येतं तिथे वेगळी फसगत. अरिलसल्फेटेज ए काहींमध्ये मुळातच कमी असतं, माणूस मात्र ठणठणीत. याला स्यूडोडेफिशियन्सी म्हणतात. आईवडिलांची पातळी आधी मोजली नाही तर निरोगी गर्भाला आजारी ठरवण्याचा धोका राहतो. शिवाय वारेच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील तर आपण बाळाचा नाही, आईचा रिपोर्ट वाचत असतो. म्हणून चांगली लॅब आईचं रक्तही मागते आणि दोन्हींचे डीएनए खुणेने ताडून बघते. गर्भनिदानाचा एखादा पेपर वाचताना मेथडमध्ये ही मिसळ तपासल्याचा उल्लेख नसेल, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा.

आणि मूल हयात नसेल तर? आईवडिलांचे एक्झोम वाचून दोघं कोणत्या एकाच जनुकाचे वाहक आहेत ते शोधता येतं. करतातही. पण माणसामागे काही घातक वाटणारे बदल सापडतातच, आणि त्यातले बरेच ‘अर्थ अनिश्चित’ या रकान्यात जातात. आजारी मुलात तोच बदल दोन्ही प्रतींत दिसला असता तर अनिश्चितता बरीच मिटली असती. मूल नसलं की रिपोर्ट येतो, बिलही येतं, उत्तर मात्र येईलच असं नाही.

आता हे सगळं घेऊन आपल्याकडे या. समजा, तेल्हारा किंवा अंजनगाव सुर्जीकडचं एक जोडपं आहे. पूर्ण दिवसांचं बाळ, तीन किलोच्या आसपास. तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेनासं होतं, मग सुस्त पडतं, मग झटके. तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी आणतात, अँटिबायोटिक सुरू होतं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी बाळ जातं. कागदावर येतं: सेप्टिसीमिया. यात डॉक्टरला धोपटण्याची घाई करू नका. नवजात बाळात जंतुसंसर्ग आणि चयापचयाचा विकार बाहेरून सारखेच दिसतात, आणि संसर्ग कितीतरी जास्त आढळतो. गॅलॅक्टोसेमियात तर गोंधळ दुहेरी: त्या बाळांना ई. कोलायचा संसर्ग खरोखरच लवकर होतो. कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून मूळ आजार नव्हता असं सिद्ध होत नाही. अमोनिया मोजायचा तर रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये जावं लागतं. रात्री दोन वाजता ते कुठे शक्य आहे, याचा अंदाज तुम्हीच करा.

दोन वर्षांनी तीच बाई पुन्हा गरोदर राहते. आजार रिसेसिव्ह असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. पहिलं गेलं म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत सात-आठ आठवडे झालेले असतात. व्हिलायचा नमुना साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत घेतात, गर्भजल पंधरा-सोळा आठवड्यांनंतर. म्हणजे हाताशी महिनाभर. या महिन्यात आधीच्या बाळाचा आजार ओळखायचा, जनुक शोधायचं, आईवडिलांत ते पक्कं करायचं आणि मग नमुना घ्यायचा? संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेस धरली तर सकाळी मुंबई येते हो, पण सोबत काय न्यायचं? फाइलमध्ये सेप्टिसीमिया लिहिलेला एक कागद आहे.

इथे कायदाही त्याच कागदाकडे बोट दाखवतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. लिंगनिवडीला बंदी, पण आनुवंशिक निदानाला मोकळीक, अशी त्याची रचना आहे. कलम ४ मध्ये ज्या कारणांसाठी प्रसवपूर्व निदान करता येतं त्यांत ‘आनुवंशिक चयापचय विकार’ हे शब्द स्पष्ट आहेत. मात्र पुढच्या पोटकलमात अटी येतात, आणि त्यातली एक तरी पूर्ण व्हायला हवी: आईचं वय ३५ च्या वर, दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात वा गर्भहानी, घातक औषध, किरण, संसर्ग वा रसायनाशी संपर्क, किंवा कुटुंबात मतिमंदत्व, शारीरिक व्यंग वा अन्य आनुवंशिक आजाराचा इतिहास. मंडळ आणखी अट ठरवू शकतं. आपल्या जोडप्यातली बाई पंचविशीतली. गर्भपात एकही नाही. जिवंत जन्मलेलं बाळ सहा दिवसांनी गेलं, ते यात बसायचं तर ‘आनुवंशिक आजाराचा इतिहास’ या दाराने. फॉर्म एफ मध्ये ‘आधीच्या अपत्याला चयापचय विकार’ अशी नोंद करायची सोय आहे. कागदावर सेप्टिसीमिया असेल तर तिथे टिक कशाच्या आधारावर करणार? फॉर्म एफ मधल्या चुकीपायी सेंटर सील होऊ शकतं हे ज्या डॉक्टरला माहीत आहे, तो सावध राहणारच. तेव्हा आधीच्या मुलाचं निदान ही नुसती शास्त्रीय गरज उरत नाही, ती कायदेशीर किल्लीही होते.

धोरणाचा दोष मला इथे दिसतो. ते निदान झालेल्या, म्हणजे बहुधा तेवढे दिवस जगलेल्या, मुलापासून सुरू होतं. गोशेचं मूल मोठी प्लीहा घेऊन अनेक वर्षं दवाखान्यांच्या फेऱ्या करतं, त्याचं निदान कधीतरी होतं. ऑरगॅनिक ॲसिडेमियाचं बाळ आठवडाभरात जातं. सगळ्यात घातक आजारच या चौकटीत सगळ्यात कमी दिसतात, आणि गर्भनिदानाची गरज नेमकी त्याच घरांना जास्त असते.

आपल्याकडे यावर एक हमखास उत्तर मिळतं: ‘सिकलसेलसारखा कार्यक्रम करा ना.’ मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्यात सिकलसेलची तपासणी वर्षानुवर्षं चालू आहे. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झालं. पण ही तुलना लंगडी आहे. सिकलसेलमध्ये सगळ्यांत बदल एकच, बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. वाहकही साध्या रक्त तपासणीत ओळखू येतो. त्यामुळे आधीचं मूल नसलं तरी नवरा-बायकोच्या रक्तावरून धोका कळतो आणि मुंबईच्या एनआयआयएचसारख्या संस्थेला गर्भनिदानात काय शोधायचं ते आधीच माहीत असतं. चयापचय विकारांत घरागणिक बदल निराळा. अपवाद आहेत. अग्रवाल समाजात एमएलसी या मेंदूच्या पांढऱ्या भागाच्या आजाराचा एकच सामाईक बदल सापडतो. हा आजार या समाजात ओळखला तो मुंबईच्या भीमसेन सिंघल यांच्या गटाने. अकोल्याच्या बाजारपेठेत वावरणाऱ्यांना हा समाज सांगायला नको. तो काटेकोर अर्थाने चयापचयाचा आजार नाही, पण एक गोष्ट त्यातून कळते: जवळच्या नात्यात लग्न नसलं तरी पिढ्यानपिढ्या जातीतल्या जातीत लग्नं झाली की रिसेसिव्ह आजार वर येतात. ‘मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून झालं’ एवढ्यावर चर्चा संपवणारा पेपर दिसला की गाइडच्या सुरात विचारा, ‘काहून? बाकीच्यांचं काय?’

आता आपल्या कामाचं. मोठ्या केंद्रांतून आलेले गर्भनिदानाचे पेपर वाचा. इतकी गर्भनिदानं केली, इतके गर्भ बाधित, इतके निरोगी, जन्मानंतर पडताळणी झाली, पद्धत विश्वासार्ह. हे निष्कर्ष बहुतेक वेळा खरे असतात. पण ती संख्या कुणाची आहे? ज्यांचं आधीचं मूल ओळखलं गेलं, ज्यांच्याकडे प्रवासाचा पैसा होता, जे वेळेत पोहोचले, त्यांची. दारातून परत गेलेली जोडपी, ‘निदान नसल्याने तपासणी शक्य नाही’ असं ऐकून घरी आलेली जोडपी टेबलात नसतात. छेद लपलेला आहे आणि आपण अंशावर खूश होतो. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक रकाना वाढवा: ‘समुपदेशनाला आलेल्यांपैकी किती जणांना गर्भनिदान देता आलं नाही, आणि का?’ किती पेपर हा रकाना भरू देतात ते बघा.

मग करायला काय हवं होतं? माझ्या मते धोरणात एक छोटी तरतूद पुरली असती: कारण न कळलेल्या नवजात मृत्यूत, शक्यतो मृत्यूच्या आधी आणि संमतीने, नमुना राखून ठेवणं. फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे थेंब, ईडीटीए नळीत थोडं रक्त, जमलं तर गोठवलेली लघवी आणि प्लाझ्मा. याला मेटाबॉलिक ऑटोप्सी म्हणतात, पण नाव ऐकून घाबरू नका. पोटाला चीर न देता यातलं बरंच होतं. वाळलेल्या थेंबांतून पुढे डीएनए काढता येतो, म्हणजे त्या बाळाचा ‘पक्कं निदान’ होण्याचा हक्क दोन वर्षांनीही शाबूत राहतो. यंत्रणा नव्याने उभारायचीही गरज नाही. बालमृत्यू अन्वेषण आपल्याकडे होतंच. आशाताई घरी जाऊन विचारतात, समिती बसते, कारण लिहिलं जातं. त्या सगळ्या कागदांसोबत एक वाळलेलं कार्ड असतं, तर अमरावतीच्या डफरीनपासून अकोल्याच्या स्त्री रुग्णालयापर्यंत कुठूनही ते पाकिटात घालून पाठवता आलं असतं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. एक, लेकरू हातातून जात असताना आईवडिलांकडे संमती मागायची कशी? कोण मागणार, कोणत्या भाषेत? कोरकू आईला मराठीतला छापील फॉर्म देऊन ‘संमती घेतली’ म्हणणं ही लबाडी होईल. नमुन्याचं पुढे काय होणार, किती वर्षं ठेवणार, संशोधनाला वापरणार की नाही, हे वेगळं विचारावं लागेल.

दुसरा आक्षेप ‘प्रतिबंध’ या शब्दावरच आहे. धोरण दुय्यम प्रतिबंधात बाधित गर्भाचा जन्म टाळणं धरतं. अपंगत्वासह जगणाऱ्यांना ही भाषा टोचते, आणि ती टोचायलाच हवी. पण गर्भनिदानाचा हिशेब इतका एकेरी नाही. चारातले तीन गर्भ त्या आजाराने बाधित नसतात. निदान नसेल तर या तिघांचे आईवडीलही नऊ महिने तीच भीती घेऊन जगतात, काही जण मूल नकोच म्हणतात, काही जण निरोगी गर्भही ठेवत नाहीत. आणि चौथा बाधित निघाला तरी गर्भपात हा एकच रस्ता नसतो. एमएसयूडीसारख्या आजारात बाळ जन्मायच्या आधीच माहीत असेल तर प्रसूती मोठ्या केंद्रात करता येते, पहिल्या दिवसापासून विशेष दूध देता येतं, मेंदू वाचू शकतो. जे मूल आधी सहा दिवसांत गेलं, तेच आता शाळेत जाण्याची शक्यता तयार होते. जोडप्याने काय ठरवावं हे त्यांचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यात मुदतीच्या वाटाही वाढल्या आहेत. पण ठरवायला हातात काहीतरी असायला हवं.

तुमच्यापैकी कुणी या दिशेने विषय घेणार असेल तर जनुक-वाचनाच्या मशीनपासून सुरुवात करू नका. ते मशीन कुठेतरी आहेच. एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, मागच्या काही वर्षांचे मृत्यूचे कागद घेऊन बसा. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मतः चांगलं वजन, दुसऱ्या दिवसानंतर बिघाड, कल्चर निगेटिव्ह किंवा केलेलंच नाही, आणि त्याच आईचं आधीचंही एक मूल नवजात असताना गेलेलं. हे पाच निकष एकत्र किती कागदांत सापडतात ते मोजा. शेवटच्या निकषाची माहिती केसपेपरवर बहुधा लिहिलेलीच नसेल. तेव्हा माताबाल संरक्षण कार्ड मागा, नाहीतर आशाताईंना विचारा. कोणत्या घरातलं कितवं लेकरू कधी गेलं, हे त्यांना वहीत न बघताही सांगता येतं.